लोखंडाच्या गावाचे गाणे

हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असे घरातली मोठी माणसे म्हणतात. पण हे संगीत कारखान्याच्या गावात जन्मले आणि त्याचा पहिला सूर एका जखमी हातातून निघाला. भिलाईसारख्या पोलादनगरीला ही कहाणी आपल्याच घरची वाटावी.

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग सोडते आणि थोड्याच वेळात खिडकीतून धुराड्यांची रांग दिसू लागते. भिलाई आले, हे नवख्या प्रवाशालाही सांगावे लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि या माळरानावर पोलाद कारखान्याची आखणी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली राजहराच्या खाणीतले लोखंड येथे वितळते आणि त्याचे रूळ होऊन देशभर पसरते. कारखान्याबरोबर सेक्टरांचे गाव वसले. सगळ्या प्रांतांतून माणसे आली. विदर्भ शेजारीच, त्यामुळे त्यात मराठी घरेही आली.

अशा गावातले एक दृश्य पोलादनगरीतल्या कोणत्याही कुटुंबाला ओळखीचे वाटेल. पाळी संपवून वडील घरी येतात. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकून कान शिणलेले असतात. चहाचा कप हातात येतो न येतो तोच मुलाच्या खोलीतून गिटारचा कर्कश झणत्कार आणि ढोलताशांनाही मागे टाकील असा ड्रमचा दणदणाट सुरू होतो. ‘अरे, घरीसुद्धा कारखानाच का?’ असे वडील वैतागून विचारतात. मुलगा दार लोटून घेतो. आई मध्ये पडते. वाद तेवढ्यापुरता मिटतो, पण मिटत काही नाही.

गंमत अशी की, वडिलांनी वैतागून विचारलेला तो प्रश्न अगदी अचूक असतो. या संगीतात खरोखरच कारखाना आहे. तो भिलाईचा नाही, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आहे, एवढाच काय तो फरक.

शेवटच्या दिवसाची पाळी

बर्मिंगहॅम आणि त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे इंग्लंडची जुनी लोहारशाळा. कोळसा, लोखंड, ओतकाम, पत्र्याचे काम यांवर तिथली घरे चालत. १९ फेब्रुवारी १९४८ रोजी तिथे जन्मलेला टोनी आयोमी हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करी आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवी. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी त्याला एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जाण्याची संधी आली. त्याने नोकरी सोडली. तो कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस होता.

दुपारी तो जेवायला घरी आला. ‘आता परत कशाला जायचे?’ असे त्याच्या मनात होते. पण आईने सांगितले की, हातात घेतलेले काम पुरे करूनच सोडावे. कोणतीही आई हेच सांगेल. तो परत गेला. त्या दिवशी पत्र्याच्या प्रेसवरची बाई कामावर आली नव्हती, म्हणून त्याला तिच्या जागी उभे केले गेले. ते यंत्र त्याने कधी चालवले नव्हते. प्रेस खाली आला आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली.

टोनी डावखुरा. तो डाव्या हाताने तारा छेडी आणि उजव्या हाताने सूर दाबी. म्हणजे नेमकी सूर दाबणारी बोटे गेली. डॉक्टरांनी सांगितले की, गिटारचा नाद सोडावा. कारखान्याच्या गावात हाताची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सतरा वर्षांच्या त्या मुलाचे त्या दिवसांत काय झाले असेल, हे भिलाईतली माणसे न सांगता जाणतील.

मग त्याला भेटायला कारखान्याचा व्यवस्थापक आला. त्याच्या हातात एक ग्रामोफोन रेकॉर्ड होती. टोनीला त्या क्षणी गिटार ऐकण्याचीसुद्धा इच्छा नव्हती. व्यवस्थापकाने आग्रहाने ती लावायला लावली. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, जॅझ संगीतातला नामवंत गिटारवादक. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, त्यात डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली आणि पुढचे सारे वादन त्याने मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर केले. हे कळल्यावर टोनी उठून बसला.

पुढे त्याने केले ते कोणत्याही कुशल फिटरला शोभेल असेच. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली त्याने वितळवली, तिच्या टोप्या बनवल्या, घासूनघासून बोटांवर बसतील अशा केल्या आणि त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. आता तारेवर पकड आली. पण टोप्यांतून तारेचा स्पर्श कळेना आणि जाड तार दाबली की दुखे. तेव्हा बारीक तारांचे संच बाजारात मिळत नसत, म्हणून त्याने बँजोच्या तारा गिटारला लावून पाहिल्या. पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने गिटारचा षड्जच खाली उतरवला. १९७१ सालच्या तिसऱ्या अल्बममध्ये तो दीड सुराने खाली आलेला ऐकू येतो. तारा सैल झाल्या, आवाज खोल आणि जड झाला. पुढे हजारो गिटारवादकांनी हा जड आवाज मुद्दाम उचलला. मुळात ती एका जखमी माणसाने आपल्या बोटांसाठी काढलेली वाट होती.

सा, प आणि तीव्र मध्यम

टोनीने आपल्याच अ‍ॅस्टन भागातल्या ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड या तिघांबरोबर ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँड उभा केला. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाला. हेवी मेटलची जन्मतारीख कोणती, असे विचारले तर बहुतेक जाणकार याच दिवसाकडे बोट दाखवतात. पुढे गीझर बटलरने ऑझीसाठी लिहिलेल्या शब्दांत युद्धाचा संताप होता, गिरणगावातला उदासपणा होता. प्रेमगीतांच्या त्या काळात हे वेगळे होते.

हे संगीत ऐकण्याची सवय नसलेल्या मराठी श्रोत्यालाही त्याची एक किल्ली सहज सापडेल. आपल्या तंबोऱ्यात पंचम आणि षड्ज लावलेले असतात. हेवी मेटलचा मुख्य आधारही तोच. गिटारचा आवाज अँप्लिफायरमध्ये मुद्दाम फाटेपर्यंत वाढवला की त्यातून असंख्य उपस्वर बाहेर पडतात. अशा वेळी तीन-चार वेगवेगळे सूर एकत्र वाजवले तर त्यांचा चिखल होतो. षड्ज आणि पंचम ही जोडी मात्र स्वच्छ आणि भरदार राहते. म्हणून या गिटारवादकांनी तीच धरली. त्यांच्या भाषेत तिला पॉवर कॉर्ड म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, ब्लॅक सॅबथच्या पहिल्याच गाण्यात षड्जावरून उडी जाते ती तीव्र मध्यमावर. या दोन सुरांमधले अंतर पाश्चात्त्य कानाला फार अस्वस्थ करते. जुन्या काळी तिकडे त्याला सैतानी अंतर म्हणत. आपल्याकडे यमन गाताना तीव्र मध्यम किती प्रसन्न वाटतो! सूर तेच, पण त्यांना कोणत्या सोबतीत बसवले यावर त्यांचा स्वभाव ठरतो.

तिसरी गोष्ट ‘रिफ’. पुन्हा पुन्हा येणारी, गाण्याचा कणा होऊन बसणारी गिटारची छोटी ओळ. आपल्या बंदिशीच्या मुखड्यासारखी ती सगळ्या खेळाला समेवर आणते. डीप पर्पल या बँडच्या रिची ब्लॅकमोरने १९७२ सालच्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये चार सुरांची एक रिफ वाजवली. जगात कुठेही मुलाने गिटार हातात घेतली की पहिल्या आठवड्यात तो ती वाजवून बघतोच. ते गाणे कशावर आहे? तर ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो गावी एका कॅसिनोला लागलेल्या आगीवर. त्या आगीचा धूर तळ्यावर पसरलेला बँडच्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिला होता.

पोलाद कारखान्यातला गिटारवाला

भिलाईकरांना सर्वांत जवळचा वाटावा असा बँड मात्र ‘जुडास प्रीस्ट’. हाही बर्मिंगहॅमच्याच परिसरातला. त्याचा गिटारवादक ग्लेन टिप्टन तरुणपणी काही वर्षे ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीत नोकरीला होता. दुसरा गिटारवादक के. के. डाउनिंग. दोघांनी जुगलबंदी करायची, कधी एकाने प्रश्न करायचा आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, कधी दोघांनी मिळून धाव घ्यायची, ही दोन गिटारींची पद्धत त्यांनी पक्की केली.

१९८० सालच्या जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये पोलाद कामगारांचा देशव्यापी संप झाला. त्याच एप्रिलमध्ये या बँडचा अल्बम आला. त्याचे नाव ‘ब्रिटिश स्टील’. त्यातल्या एका गाण्यात लोखंडी पावलांचा आवाज हवा होता. आजच्यासारखी संगणकाची सोय नव्हती. मग बँडवाल्यांनी स्वयंपाकघरातले काटे-चमचे भरलेले ट्रे उचलले आणि तालात हलवले. स्वयंपाकघरात भांडे पडले तर आपण दचकतो. त्यांनी त्याचे सैन्य उभे केले!

टिप्टनची पुढची कहाणी हृदयस्पर्शी आहे. त्याला कंपवात झाला. २०१८ साली त्याने ही गोष्ट जाहीर केली आणि दौऱ्यांतून नियमित वाजवणे थांबवले. पण त्यानंतरही काही कार्यक्रमांत शेवटच्या दोन-तीन गाण्यांना तो रंगमंचावर येत राहिला. हात थरथरत असताना हजारो लोकांपुढे उभे राहायला किती धैर्य लागत असेल!

अकाली गेलेले

या संगीताच्या चाहत्यांच्या गप्पा रंगल्या की थोड्या वेळाने त्या गेलेल्या माणसांकडे वळतात. त्यात पहिले नाव येते रँडी ऱ्होड्सचे. ६ डिसेंबर १९५६ रोजी जन्मलेल्या रँडीची आई डेलोरेस कॅलिफोर्नियात संगीत विद्यालय चालवी. मुलगा तिथेच शिकला आणि तिथेच शिकवूही लागला. १९८० साली ऑझी ऑस्बोर्नच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये त्याने अभिजात गिटारची नजाकत आणि मेटलचा जोर एकत्र आणला. प्रसिद्धी मिळाल्यावरही तो दौऱ्यातल्या नव्या गावात पोचला की तिथला अभिजात गिटारचा शिक्षक शोधून त्याच्याकडे धडा घेई. १९ मार्च १९८२ रोजी फ्लोरिडात एका छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला. वय अवघे पंचवीस. आईने त्यानंतर कितीतरी वर्षे आपले विद्यालय चालू ठेवले.

एडी व्हॅन हेलन याचा जन्म अ‍ॅमस्टरडॅमचा. १९६२ साली हे कुटुंब अमेरिकेत गेले. घरात पियानोची शिस्त होती, पण एडीचे मन गिटारवर जडले. बाजारातली गिटार पसंत पडेना, तेव्हा त्याने सुटे भाग जमवून स्वतःची गिटार तयार केली. १९७८ सालच्या पहिल्याच अल्बममध्ये दोन्ही हातांची बोटे तारांवर नाचवून त्याने पावणेदोन मिनिटांचा असा तुकडा वाजवला की, जगभरचे गिटारवादक आपला रियाज पुन्हा तपासू लागले. ६ ऑक्टोबर २०२० रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले.

टेक्सासचा डाइमबॅग डॅरेल हा एडीचा भक्त. ‘पँटेरा’ बँडमधून त्याने १९९०नंतरच्या मेटलला नवे बळ दिले. ८ डिसेंबर २००४ रोजी ओहायोतल्या कोलंबस शहरात रंगमंचावर वाजवत असताना एका माथेफिरूने त्याला गोळ्या घातल्या. तो अडतीस वर्षांचा होता. अंत्यविधीला एडी व्हॅन हेलन आला आणि त्याने आपली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची गिटार डॅरेलबरोबर शवपेटीत ठेवली. गुरूने शिष्याला दिलेली ही शेवटची भेट.

‘डेथ’ या बँडचा चक शुल्डिनर हे असेच एक नाव. मेटलच्या अत्यंत जहाल प्रकाराचा तो पाया घालणारा. मेंदूतल्या गाठीशी झुंजत १३ डिसेंबर २००१ रोजी, चौतिसाव्या वर्षी तो गेला. आणि हा सगळा पुरुषांचाच प्रांत, असेही नाही. १९७८ साली लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या ‘गर्लस्कूल’ या मुलींच्या बँडमधली केली जॉन्सन ही त्या काळातली नावाजलेली गिटारवादक होती. २००७ साली तिचे निधन झाले.

सुवर्णयुग कोणते?

आता वादाचा मुद्दा. आपल्याकडे बालगंधर्वांचा काळ मोठा की दीनानाथांचा, यावर रात्री जागवल्या गेल्या आहेत. मेटलच्या चाहत्यांमध्ये तसाच वाद चालतो आणि त्यात साधारण चार पक्ष पडतात.

पहिला पक्ष १९७०च्या दशकाचा. त्यांचे म्हणणे सरळ आहे. विहीर ज्याने खणली तो मोठा, पाणी शेंदणारे पुष्कळ. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. तेव्हा चूक झाली तरी ती तशीच राही, त्यामुळे त्या वादनात माणूस ऐकू येतो, असे ते सांगतात.

दुसरा पक्ष १९८० ते १९८६ या वर्षांचा आणि त्यांचे संख्याबळ मोठे आहे. एकट्या १९८० सालात ‘ब्रिटिश स्टील’ आला, ‘आयर्न मेडन’चा पहिला अल्बम आला, ‘मोटरहेड’चा गाजलेला अल्बम आला आणि रँडी ऱ्होड्स जगापुढे आला. १९८६ साली ‘मेटॅलिका’, ‘मेगाडेथ’ आणि ‘स्लेयर’ या तीन अमेरिकी बँडनी आपापले महत्त्वाचे अल्बम दिले. याच काळात स्वीडनचा यंग्वे माल्मस्टीन बाख आणि पागानीनी यांच्या वळणाची द्रुत तानबाजी गिटारवर आणत होता. तंत्र, वेग आणि रचना तिन्ही शिगेला पोचलेले, असा या पक्षाचा दावा.

तिसरा पक्ष १९९०च्या दशकाचा. १९९१ साली मेटॅलिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम निघाला आणि हे संगीत घराघरात पोचले. त्याच वर्षी ‘निर्वाणा’सारख्या बँडमुळे तरुणांची आवड मात्र दुसरीकडे वळू लागली. मेटल संपले, असे लोक म्हणू लागले. अशा पडत्या काळात पँटेरा आणि डेथसारख्यांनी ते टिकवले, म्हणून आमचा काळ कसोटीचा, असे हे लोक म्हणतात. भारतातल्या चाहत्यांचा ओढा पुष्कळदा या पक्षाकडे असतो, कारण १९९१ साली स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आपल्याकडे आला. तोवर कुणाच्या तरी परदेशातल्या मामाने आणलेली कॅसेट कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि तिची फीत कुरकुरेपर्यंत ऐकायची, हीच रीत होती.

चौथा पक्ष आजच्या मुलांचा. सहा तारांऐवजी सात-आठ तारांच्या गिटारी, विषम मात्रांचे गुंतागुंतीचे ताल आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेले वादक ही त्यांची जमेची बाजू. पूर्वी मोठे शहर गाठल्याशिवाय काही शिकता येत नसे. आता सेक्टरमधल्या खोलीत बसून मुलगा जगातल्या उत्तम गिटारवादकाचा हात जवळून पाहू शकतो.

निवाडा कसा करायचा? यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. जी माणसे सगळ्याच पक्षांना मान्य आहेत, त्यांच्यासमोर काहीतरी अडचण होती. टोनीला बोटे नव्हती, एडीला हवी तशी गिटार नव्हती, प्रीस्टवाल्यांकडे संगणक नव्हता. अडचणीतून वाट काढताना जे सापडले ते त्यांचे वैशिष्ट्य झाले. आजच्या मुलांकडे साधने मुबलक आहेत. त्यांची अडचण वेगळी, इतके ऐकायला उपलब्ध असताना स्वतःचा सूर कसा सापडावा ही. ती अडचण जो सोडवील, त्याचे युग चाळीस वर्षांनी सुवर्णयुग म्हणून सांगितले जाईल. तोवर दुसऱ्या पक्षाचे पारडे थोडे जड, एवढे मान्य करायला हरकत नाही, कारण जन्मदात्यांची ताकद आणि पुढच्यांचे कसब त्या सहा वर्षांत एकाच वेळी ऐकायला मिळत होते.

आपल्या मातीत

आपल्या देशात हे संगीत महानगरांतून रुजले. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर त्याचा गिटारवादक. १९९३ साली याच बँडने ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. मुंबईतच १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि नव्या बँडना व्यासपीठ मिळाले. पण या चळवळीचे मुखपत्र ठरलेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक १९९३ साली निघाले ते मुंबई-दिल्लीतून नव्हे, तर अलाहाबादेतून. छोट्या गावांतल्या चाहत्यांना याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे.

१७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन बंगळूरला आले, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले रेल्वेने तिथे पोचली. ३० ऑक्टोबर २०११ रोजी त्याच शहरात मेटॅलिकाचा कार्यक्रम झाला. मुंबईच्या साहिल मखिजाचा ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड २००० सालचा. २०१० साली ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा पुरस्कार त्याला मिळाला. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने तर गिटारबरोबर ढोल घेतला. त्याचा गिटारवादक करण कटियार पूर्वी वकिली करी. हा बँड २०१९ साली जर्मनीतल्या वाकेनच्या जगप्रसिद्ध मेटल महोत्सवात वाजवून आला.

छत्तीसगडच्या मातीलाही असा जोर नवा नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. काही काळ त्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीलाही होत्या. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. बायकांनी उभे राहून पंडवानी गाऊ नये, असे म्हणणाऱ्यांचा विरोध सोसून त्यांनी ती गायली. आधी नाके मुरडली गेली आणि मग मान मिळाला, हा अनुभव कलेच्या प्रांतात बहुतेकांना येतो.

आईवडिलांची काळजी

तरीही आईवडिलांच्या मनात एक धाकधूक राहतेच. कवट्या, काळे कपडे, वाढलेले केस पाहून मुलगा हाताबाहेर तर जात नाही ना? ही भीती जगभरची आहे. अमेरिकेत दोन तरुणांनी केलेल्या आत्मघाताच्या प्रयत्नाला गाण्यातला छुपा संदेश कारण झाला, असा आरोप ठेवून जुडास प्रीस्टवर दावा लावला गेला. १९९० साली न्यायालयाने बँडला जबाबदार धरले नाही. याचा अर्थ मुलाकडे लक्ष देऊ नये असा नाही. मुलगा खोलीत कोंडून घेत असेल, जेवत-झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल तर ती काळजीची खूण आहे, मग तो मेटल ऐको की भावगीते. पण तो गिटारचा रियाज करत असेल, चार मित्र जमवून वाजवत असेल तर त्याच्या हाताला काम आणि मनाला मार्ग मिळाला, असे समजावे.

खरी काळजी घ्यायची ती कानांची. पोलाद कारखान्यात काम केलेल्या वडिलांना हे मुलापेक्षा चांगले ठाऊक असते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही मर्यादा मानतात. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते आणि मेटलच्या कार्यक्रमात आवाज पुष्कळदा याहून वर जातो. कानात घालायचे बूच थोडक्या पैशांत मिळतात. हेडफोनचा आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवावा, अधूनमधून कानांना विश्रांती द्यावी. कार्यक्रमाहून आल्यावर कानात घंटा वाजत राहिली तर तो इशारा समजावा आणि ती थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शेवटचा कार्यक्रम

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र उभे राहिले. ज्या गल्ल्यांत ते वाढले, त्या तिथून हाकेच्या अंतरावर. ऑझी ऑस्बोर्नलाही कंपवात होता. त्याला उभे राहता येत नव्हते, म्हणून तो सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गायला. त्याच्या शेजारी सत्याहत्तर वर्षांचा टोनी आयोमी, बोटांवर टोप्या चढवून. २०१२ साली त्याला कर्करोग झाल्याचे निदान झाले होते, त्यातूनही तो उठला होता. कार्यक्रमाचे उत्पन्न कंपवातावर काम करणाऱ्या संस्थेला, मुलांच्या रुग्णालयाला आणि आजारी मुलांच्या सेवागृहाला देण्याचे ठरले होते. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलैला ऑझीने जगाचा निरोप घेतला.

सतराव्या वर्षी ज्याला ‘आता गिटार विसर’ असे सांगितले गेले, तो साठ वर्षांनी आपल्याच गावात ती वाजवत उभा होता. भिलाईच्या एखाद्या घरात आज संध्याकाळी पुन्हा तोच दणदणाट सुरू होईल. वडिलांनी दार ठोठावून आवाज जरूर कमी करायला सांगावा. आणि मग पाच मिनिटे आत बसून, प्रेसवर गेलेल्या त्या बोटांची गोष्ट मुलाला सांगावी. पत्रा कसा कापतात, प्रेस कसा खाली येतो, हे मुलाला त्यांच्याइतके चांगले दुसरे कोण सांगणार?